घरमालकीणबाईंचं शीड

समुद्रापासून इतक्या दूर राहून खलाशासारखं वागणारी व्यक्ती साऱ्या देशात एकच असेल, आणि तिच्या डोक्यावर मी बरीच वर्षं भाड्यानं राहिलो. म्हणजे बाई खाली आणि मी वरच्या मजल्यावर. मध्य प्रदेशाचे दोन तुकडे झाले तेव्हा कपाटं, टेबलं आणि कारकून यांचीही वाटणी झाली. त्यात माझ्या वाट्याला रायपूर आलं, की रायपूरच्या वाट्याला मी आलो, हे अजून ठरायचं आहे. राजधानी नवीकोरी होती, पण तिला घालायला कपडे नव्हते. दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय भरत होतं आणि भोपाळहून आलेले आम्ही नोकरदार संध्याकाळी गल्लोगल्ली 'घर आहे का' विचारत हिंडत होतो. कोणीतरी सांगितलं, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एक मराठी बाई आहेत, मूळच्या वऱ्हाडातल्या, एकट्या राहतात, आणि त्यांना जिना चढता येत नसल्यामुळे वरचा मजला रिकामा आहे.

पहिल्या भेटीत त्यांनी माझी जात, गाव, पगार यांतलं काहीही विचारलं नाही. आम्हा मराठी मंडळींत हे नवलच. लहानपणी पोलिओनं त्यांचे दोन्ही पाय गेले होते. घरात त्या चाकाच्या खुर्चीत असत, बाहेर जाताना कुबड्या आणि मागं जादा चाकं लावलेली स्कूटर. खुर्चीतून माझ्याकडे वर बघत त्या म्हणाल्या, "भोपाळचे म्हणता. मग शिडाची होडी चालवता येत असन."

मी म्हणालो, तिथल्या तलावावर अशा होड्या लहानपणापासून पाहिल्या आहेत, पण काठावरून.

"काहून?"

आमच्या घरात कोणी होडीत बसत नसे, इतकंच. बाईंनी माझ्याकडे जरा वेळ दयेनं पाहिलं आणि किल्ली दिली. तेव्हापासून मी त्यांच्या लेखी 'भोपाळवाले' झालो. त्या हाकेत माझ्या गावाबद्दल आदर होता आणि माझ्याबद्दल निराशा.

बाईंना वाऱ्याचं वेड होतं. इतर बायका दारात रांगोळी काढतात, तशा या वस्तूंना दोरे बांधत. लोकरीचा एकेक लाल दोरा स्कूटरच्या हँडलला, खिडकीच्या गजाला, तुळशीवृंदावनाच्या कोनाड्याला, गच्चीवरच्या अँटेनाला. तो कुठं उडतो ते बघून वारा कुठला आहे हे ठरायचं. गच्चीवर त्यांना जाता येत नसे आणि तिथला, माझ्याकडून बांधून घेतलेला दोरा खालून दिसत नसे, म्हणून माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर त्यांची भिस्त असे. रविवारी सकाळी मी चहाचा कप तोंडाला लावावा आणि अंगणातून आवाज यावा, "भोपाळवाले, तुमची लुंगी पश्चिमेले उडून राहिली. चाला लवकर." सगळ्या मोहल्ल्याला माझ्या लुंगीची दिशा माहीत असे. उन्हाळ्यात सारं रायपूर कूलरपुढं बसून लूच्या झळांना शिव्या देत असताना बाई ओसरीत तोंड पुढं करून बसत आणि म्हणत, "वारा चांगला आहे, गरम आहे तर आहे."

मदत करणाऱ्यांशी त्यांचं वैर होतं असं नाही, पण त्यांना सरळ करायची त्यांची स्वतःची पद्धत होती. कुबड्या घेऊन त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या की कोणीतरी भला माणूस दंडाला धरून त्यांना पलीकडे नेऊन सोडायचा. पलीकडे त्यांचं काहीच काम नसायचं. एकदा तर दोन भाविकांनी त्यांना उचलून मारुतीच्या देवळात, थेट गाभाऱ्यापुढं नेऊन ठेवलं. त्या ऑटोची वाट बघत होत्या. त्यानंतर त्या बाहेर पडताना स्कूटरला गव्हाची पिशवी अडकवू लागल्या. मदतीला आलेल्या माणसाला त्या म्हणत, "भैया, ये चक्की में दे दो, बारीक पिसवाना." आणि तो बिचारा देऊन यायचा. रांगेत मात्र कोणी पुढं जायला सांगितलं तर त्या बिनदिक्कत पुढं जात. मी एकदा विचारलं, संकोच वाटत नाही का. तर म्हणाल्या, "यांनी जागोजागी जिने बांधून ठेवले, तेव्हा यांले वाटला काय संकोच?"

होडीची गोष्ट अशी, की तरुणपणी ऑफिसच्या कामानं त्या भोपाळला गेल्या होत्या. तिथं तलावावर नौदलातून निवृत्त झालेला एक शिक्षक पोरांना शिडाच्या होड्या शिकवत होता. त्यानं यांनाही बसायला सांगितलं. कुबड्या काठावर राहिल्या. पुढचं बाई मोठ्या कौतुकानं सांगत नसत. एवढंच म्हणत, "होडीत सगळेच बसून असतात न. उभं राहिलं की शिव्या बसतात. मले असं गाव पहिल्यांदा भेटलं." त्यानंतर दरवर्षीची सगळी रजा भोपाळच्या तलावात गेली.

मी राहायला आल्यावर काही दिवसांनी शहराच्या कडेच्या कारखान्यांच्या वस्तीतून, भनपुरीहून, एका ट्रान्सपोर्टवाल्याचा फोन आला. मुंबईच्या कुठल्याशा क्लबानं काढून टाकलेली एक होडी बाईंनी मागवली होती, आणि ती आणायला अर्थातच मला पाठवण्यात आलं. लोखंडी सळ्यांच्या आणि सिमेंटच्या ट्रकांमध्ये ती पांढरी होडी कुशीवर पडली होती. तिच्या पोटाखाली शिशाचं जड पातं होतं. त्यामुळे ही जात उलटत नाही, कितीही कलली तरी पुन्हा सरळ होते. दोर, सुकाणू सगळं बसलेल्या माणसाच्या मांडीपाशी आणलेलं, जागेवरून हलायची गरजच नाही. माल नोंदवणाऱ्या मुंशीनं तिला चारी बाजूंनी बघून पावतीवर 'बाथटब, बड़ा' असं लिहिलं. मी हरकत घेतली, तर म्हणाला, "साहब, रायपुर में नाव कौन मंगाएगा? रास्ते में कोई पूछेगा तो आप ही फँसोगे." त्याचं म्हणणं मला पटलं.

शीड मात्र फाटकं निघालं. मग आम्ही पंडरीच्या कापड बाजारात गेलो. बाईंनी दुकानाच्या पायरीपाशीच बैठक मारली आणि सगळा माल बाहेर मागवला. दुकानदारानं विचारलं, साडी दाखवू की ड्रेस मटेरियल. बाई म्हणाल्या, "हवा रोकनेवाला दिखाओ." त्यानं थट्टा समजून हसत गादीपाटाचं कापड काढलं. ते जड. मग अस्तर, मग सॅटिन, मग तंबूचं. प्रत्येक कापडाचं एक टोक माझ्या हातात, एक नोकराच्या हातात, आणि समोर दुकानाचा उभा पंखा पूर्ण जोरात. पलीकडे बाई गालाला हात लावून बसलेल्या, वारा येतो का बघत. बघायला गिऱ्हाइकं जमली. एका बाईंनी तर त्याच कसोटीवर आपल्या मुलीचा लेहंगा नापास केला. शेवटी रेनकोटाला लागणारं एक पातळ कापड पसंत पडलं. ते फक्त गुलाबी रंगात होतं, लहान मुलींच्या रेनकोटाचा गुलाबी. आमच्या होडीचं शीड पुढं कायम त्याच रंगाचं राहिलं.

रायपूरजवळच्या अभनपूरच्या पुढं एक जुना, ऐसपैस जलाशय आहे. गावातल्या लोकांनी परवानगी दिली, कारण गुलाबी रंगाच्या वस्तूपासून धोका असेल असं त्यांना वाटलं नाही. तिथं बाईंचे रविवार सुरू झाले. त्यांचा पहिला साथीदार मनहरण. हा बँकेत टेलिफोन ऑपरेटर होता, जन्मापासून आंधळा, धमतरीकडचा, छत्तीसगढीत हळू आवाजात बोलणारा. बाईंच्या होडीत तो पहिल्यांदा बसला तेव्हा बराच वेळ तोंड इकडेतिकडे वळवत राहिला आणि मग म्हणाला, "दीदी, हवा जेवनी डहर ले आवत हे." वारा उजव्या बाजूनं येतोय. बाईंनी दोऱ्याकडे पाहिलं. दोरा अजून हललाही नव्हता, मग हलला. बाईंनी सुकाणू त्याच्या हातात दिलं. हळूहळू इतर जमले. कोणाचा हात भनपुरीच्या कारखान्यात गेलेला, कोणाला ऐकू येत नसे, कोणाची एक बाजू लुळी. बाईंनी आणि मनहरणनं मिळून सगळ्यांना शिकवलं, आणि जे शिकले त्यांनी पुढच्यांना.

तिथला कायदा बाईंनी स्वतः केला होता. होडी चालवणार ज्याचं अंग कुठंतरी कमी आहे तो. धडधाकट माणूस होडीत आला तर त्यानं फक्त वजन म्हणून बसायचं, वाऱ्याच्या बाजूला सरक म्हटलं की सरकायचं, आणि मत द्यायचं नाही. नव्या माणसाशी माझी ओळख त्या "हे आमचं वजन" अशी करून देत. मी सरकारी नोकर, एका जागी बसून मत न देण्याचा मला सराव होता, त्यामुळे माझं नाव झालं. एकदा मात्र आम्ही दगडाच्या दिशेनं चाललो आहोत असं वाटून मी बोललो. मनहरण चालवत होता. बाई म्हणाल्या, "त्याले माहीत आहे. तिथं पाणी कसं आपटते ते तो केव्हाचा ऐकून राहिला. तुम्हीच आता पाहिलं." होडी वळली. त्यानंतर मी दगड मनातल्या मनात बघत असे.

वैशाली आली ती तिच्या वडिलांच्या हातांवर. रेल्वे कॉलनीतलं कुटुंब, मूळ गोंदियाचं. मुलगी कॉलेजात शिकत असताना स्कूटरवरून पडली आणि कमरेखालचं सगळं थांबलं. तेव्हापासून ती घराबाहेर पडली नव्हती. वडील मराठीत बोलत, ती हिंदीत उत्तर देई, तेही एखाद्या शब्दात. वडील बाईंना सांगू लागले, किती हुशार होती, कशी नाचायची, डॉक्टर काय म्हणाले. बाईंनी त्यांना मध्येच थांबवून मुलीला विचारलं, "हाताची पकड कशी आहे?"

वैशालीला तो प्रश्न कळला नाही. तिला इतक्या दिवसांत कोणी असलं काही विचारलंच नव्हतं. तिनं आपला हात पाहिला. "ठीक है," ती म्हणाली.

"मग हा दोर धर न. सोडला तर होडी थांबते, ओढला तर चालते. बाकी मी सांगीन."

दोघी निघाल्या. मध्यावर गेल्यावर वाऱ्याचा झोत आला, गुलाबी शीड भरलं आणि होडी अशी कलली की काठावरून वैशालीच्या बाजूची कड पाण्यात गेल्यासारखी दिसली. वडील गुडघाभर पाण्यात शिरले. मनहरण माझ्याशेजारी बसला होता. तो शांतपणे म्हणाला, "गिरय नइ, बाबूजी. डोरी छोड़ दिही." पण तिनं दोर सोडला नाही. बाईंनी पुढं सांगितलं, की त्यांनी तिला तसं सांगितलं होतं, दोनदा, तर पोट्टी म्हणाली, "अभी नहीं." आल्यावर ती चिंब भिजलेली होती आणि तळहात दोर घासून लाल झालेला. वडिलांनी तिला उचलायला हात पुढं केले. तिनं विचारलं, "मौसी, आप कैसे उतरती हैं?" बाई मेण घासून गुळगुळीत केलेल्या फळीवरून बसल्या बसल्या घसरत उतरत. तिला ते जमायला फार वेळ लागला. वडील तोवर ओल्या पँटीनं उभे होते आणि हात कुठं ठेवावे हे त्यांना सुचत नव्हतं. बाईंनी त्यांना गव्हाची पिशवी दिली नाही, हे मी त्यांच्या मृदू स्वभावाचं एक उदाहरण म्हणून सांगतो.

पुढं शहराबाहेर खरी राजधानी उभी राहिली. रुंद रस्ते, त्यांवर माणूस नाही, आणि मधोमध एक देखणा तलाव. तिथं नौकाविहार सुरू करायचं ठरलं आणि संबंधित खात्याच्या एका साहेबांना आमच्या रविवारांचा पत्ता लागला. माणूस सज्जन होता. तो जलाशयावर आला, त्यानं सगळं पाहिलं आणि तिथल्या तिथं उतरता धक्का, नव्या होड्या, चाकाच्या खुर्चीसाठी उतार, सगळं कबूल केलं. बाई त्या आठवड्यात खुशीत होत्या. लुंगीबद्दल चकार शब्द नाही.

उद्घाटनाला आम्ही गेलो तर मांडव घातलेला, समोर खुर्च्या, आणि खुर्च्यांच्या पाठीला कागद चिकटवलेले: 'हितग्राही'. म्हणजे लाभार्थी, म्हणजे आम्ही, वजन सोडून. प्रत्येक होडीत गणवेशातला एक चालक आधीच हजर. कार्यक्रम असा, की कर्मचारी हितग्राहींना उचलून होडीत बसवतील, चालक त्यांना एक फेरी मारून आणतील, मग अल्पोपाहार.

बाईंनी साहेबांना बोलावून घेतलं. "हम लोग चलाते हैं," त्या म्हणाल्या.

"बिल्कुल, माताजी. पर सुरक्षा का सवाल है. नियम में प्रशिक्षित चालक लिखा है."

"इन चालकों को किसने सिखाया, पूछिए."

साहेबांनी चालकांकडे पाहिलं. ते कंत्राटावर नुकतेच भरती झाले होते, आणि होडीत ज्या रीतीनं ते उभे होते त्यावरून कोणी शिकवलं नसावं. पण नियम लिहिलेला होता. साहेब हात जोडून म्हणाले, "आज आप बैठ जाइए. बाद में देखेंगे."

मला वाटलं बाई आता काहीतरी लागट बोलतील. पण त्यांनी वैशालीकडे पाहिलं, मनहरणला काय चाललंय ते हळूच सांगितलं. मनहरण उठला. मग सगळेच निघाले. आमचं निघणं म्हणजे काही झटक्यात होणारी गोष्ट नव्हे. कुबड्या, खुर्च्या, एकमेकांचे खांदे. मांडवातले लोक बराच वेळ बघत राहिले. गाडीत बसल्यावर बाई म्हणाल्या, "पाणी मस्त होतं, भोपाळवाले. धक्का पण मस्त होता."

तो उन्हाळा वाईट गेला. जुन्या जलाशयाचं पाणी आटलं, होडीचं शिशाचं पातं चिखलात रुतू लागलं, आणि दर रविवारी निम्मा वेळ आम्ही गाळातून होडी उपसण्यात घालवू लागलो. काहींनी येणं सोडलं. एकाच्या घरचे म्हणाले, नव्या तलावावर फुकट फिरवतात, नाश्ताही देतात, तिथं जा की. बाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "जाऊ द्या. नाश्ता पण पाहिजेच न माणसाले." पण त्या दिवशी त्यांनी स्वैपाक केला नाही, हे मला खालून वास न आल्यामुळे कळलं. वैशालीच्या वडिलांनीही एकदा तेच सुचवून पाहिलं. वैशाली म्हणाली, "पापा, वहाँ मुझे घुमाएँगे. यहाँ मैं जाती हूँ." तेव्हा तिला नोकरी लागली होती आणि ती स्वतःच्या स्कूटरवर येत असे.

पावसाळा सरला, पाणी भरलं. एका रविवारी तेच साहेब आले, साध्या कपड्यांत, सरकारी गाडी न घेता. बरोबर त्यांचे वडील होते. पक्षाघातानं उजवी बाजू गेलेली, तोंड थोडं वाकडं झालेलं. कधीकाळी कुठल्यातरी शाळेचे मुख्याध्यापक. साहेब बाईंपुढं उभे राहिले आणि वडिलांचा सदरा सारखा करत राहिले. शेवटी म्हणाले, "बाबूजी दिन भर दीवार देखते हैं. उनको ज़रा घुमा देंगे?"

"घुमाएँगे नहीं," बाई म्हणाल्या. "चलाएँगे वो. बायाँ हाथ है ना. आप बाजू में बैठिए, वज़न के लिए."

म्हाताऱ्या मुख्याध्यापकांनी डाव्या हातानं सुकाणू धरलं. मागच्या जागेवरून वैशाली त्यांना सांगत होती. त्यांनी होडी सरळ लव्हाळ्यात घातली, मग बाहेर काढली, मग पुन्हा त्याच लव्हाळ्यात. साहेब दोनदा पुढं झाले आणि दोन्ही वेळा वडिलांनी अस्पष्ट पण खणखणीत आवाजात त्यांना "बैठ" म्हटलं. शाळेत म्हणत असतील तसंच. साहेब बसले. काठावर आल्यावर त्यांनी वडिलांना उचललं नाही. फळीपाशी उभे राहून घामाघूम होत बघत राहिले.

नियम बदलला का, असं मला अजून लोक विचारतात. माझ्या माहितीप्रमाणे तो कागदावर आहे तसाच आहे. फक्त काही आठवड्यांनी नव्या तलावावर असे तोंडी आदेश निघाले, की रविवारी सकाळी सगळ्या चालकांनी एकदम चहाला जावं आणि सावकाश परत यावं. सरकारी नोकरीत इतकी वर्षं काढून सांगतो, याहून मोठा निर्णय मी पाहिलेला नाही.

बाईंनी नव्या तलावावर बरीच वर्षं काढली. मग खांद्यांनी दगा दिला. आयुष्यभर कुबड्यांनी झिजवलेले ते खांदे, डॉक्टरांनी फोटो पाहून मान हलवली. सुकाणू आणि सगळा कारभार वैशालीकडे आणि मनहरणकडे गेला. घर विकून बाई अकोल्याला भाचीकडे राहायला गेल्या. माझीही निवृत्ती जवळ आली होती; मी दुसरीकडे घर पाहिलं.

मागच्या हिवाळ्यात एका लग्नाला अकोल्याला गेलो तेव्हा त्यांना भेटलो. बारीक झाल्या होत्या. मला पाहून त्यांनी चौकशी केली, जेवून जायला बजावलं आणि बोलता बोलता खिडकीपाशी खुर्चीतच त्यांचा डोळा लागला. भाची चहा घेऊन आली. मी भिंतीवर होडीचा एखादा फोटो शोधत होतो, तो कुठं नव्हता. मी तसं म्हटलं.

"कसली होडी?" भाचीनं विचारलं.

मला वाटलं ती थट्टा करते आहे. पण तिला खरंच काही माहीत नव्हतं. दरवर्षी आत्या भोपाळला जायची ती खात्याच्या ट्रेनिंगला, असं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. रायपूरला रविवारी ती भजनी मंडळात जायची, हेही. मी सांगू लागलो. भनपुरीचा मुंशी, पंडरीचा पंखा, मनहरण. भाची आधी हसली, मग कप हातात तसाच धरून ऐकत राहिली. मध्येच म्हणाली, "आम्ही तर लग्नाकार्यात आत्याले एका कोपऱ्यात पंख्याखाली बसवत होतो. आईसक्रीम तिथंच नेऊन देत होतो. ते पण कधी काही बोलली नाही."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. पण झोपलेल्या माणसाचा हात खुर्चीच्या दांड्यावर सैल पडतो, तसा तो पडलेला नव्हता. मी आवाज थोडा मोठा केला आणि पुढचं सांगू लागलो.